बाकी, शंभर

सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, गनने जे जसं वाचलं, तसंच ते होत असे. ओल्या जांभ्यात लोह कमी दिसतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. इथे पडद्यावर लोह कमी दिसलं आणि दगडाचा तांबडा रंगही उतरला. श्रीरंगने तो फिका दगड पिशवीत टाकला आणि पुढचा उचलला.

श्रीरंग माझा नवरा, आणि या बॉक्साइटच्या सर्वेक्षणातला माझा जोडीदारही. गन म्हणजे पिस्तुलासारखं दिसणारं यंत्र. तोंड दगडाला टेकवायचं, ट्रिगर दाबायचा. क्ष-किरण आत जातात आणि कुठलं मूलद्रव्य किती टक्के आहे ते पडद्यावर उमटतं. मी कानीकपाळी ओरडते, दगड आधी वाळव, दळ, दाबून वडी कर, मग वाच. श्रीरंगचं सगळं चटावरचं श्राद्ध. दगड दिसला की गन टेकवली.

आम्हाला रांधून घालणाऱ्या सुलूमावशीने एकदा विळी आणून दाखवली. "तुमच्या बंदुकीन मऊ केल्यान ही. खोबऱ्यात वाकता."

"तेलकट असताना वाचली असेल," मी म्हटलं.

"मगे पुसान परत वाचा."

पुसून परत वाचली. विळी कडक झाली. नीट वाचलं की वस्तू ठिकाणावर येते, एवढं तेव्हा कळलं.

मग आज श्रीरंगने दगडाची पातळ कपची डाव्या तळहातावर ठेवून वाचली. नमुना हातात धरायचा नाही, हा पहिला नियम. किरण कपचीतून आरपार हातात गेले. गन होती खनिजांच्या पद्धतीवर. यंत्राला कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन अशी हलकी मूलद्रव्यं दिसत नाहीत; या पद्धतीत ती नाहीतच असं धरून ते दिसेल त्याचीच बेरीज शंभर करतं. पडद्यावर आलं, कॅल्शियम, फॉस्फरस, थोडं लोह. तळहात पांढरा पडला. मी टिचकी मारली तर पाटीसारखा वाजला.

"दुखतंय?"

"नाही. काहीच नाही."

मला त्याचा इतका राग आला की रडूच कोसळलं. आम्ही मुक्कामाच्या शेडपर्यंत चालत येईतो पांढरेपणा कोपरापर्यंत चढला होता. तो छातीत पोहोचला तर काय होईल, हे दोघांनाही समजत होतं.

मी गन मातीच्या पद्धतीवर घेतली. या पद्धतीत यंत्र न दिसलेल्यालाही जागा देतं, त्याला 'बाकी' म्हणतं. माणूस बहुतेक बाकीच असतो. हात असा परत वाचला की झालं. पण पद्धत बदलली की यंत्र आधी प्रमाण मागतं, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी वस्तू. मी प्रमाणाच्या भुकटीची कुपी टेकवली.

'वाचलेलं,' पडद्यावर आलं. 'न वाचलेलं द्या.'

टेबल वाचलेलं होतं. ताटं, चपला, विहिरीचं पाणी, छपराचा पत्रा, सगळं श्रीरंगने रिकाम्या वेळात वाचून ठेवलं होतं. मी सुलूमावशीकडे पाहिलं.

"माझो गुडघो सायबांनी कदीच वाचल्यानी," ती म्हणाली. "तेच्यापासून दुखणा नाय."

मला कोणी वाचलं नव्हतं. मी नेहमी गनच्या मागे उभी असते, नियम सांगत.

"तू नको, मृदुला," श्रीरंग म्हणाला. पांढरेपणा खांद्यावर आला होता.

"उत्तर आधी माहीत हवं. मी कशाची आहे, सांग."

त्याने विचार केला. "थोडं कॅल्शियम. चिमूटभर लोह, तुझ्या रक्ताच्या रिपोर्टात नेहमी कमी येतं तेवढं. बाकी सगळं बाकी."

त्याने उजव्या हाताने गन माझ्या तळहाताला टेकवली आणि ट्रिगर दाबला. त्याची मान आता वळत नव्हती, म्हणून पडदा मीच वाचला. कॅल्शियम, सापडलं नाही. लोह, सापडलं नाही. बाकी, शंभर. त्याखाली प्रश्न होता: जुळलं?

"जुळलं का?" श्रीरंगने विचारलं. त्याचा आवाज कोरडा येत होता.

प्रमाण असं चुकलं की यंत्र बाजूला ठेवायचं, दिवसभराचं काम फेकायचं आणि मुळापासून तपासायचं. हे मी त्याला लग्नाआधीपासून सांगत आले आहे.

"जुळलं," मी म्हटलं, आणि 'होय'वर बोट ठेवलं. काच बोटाला लागली नाही, पण 'होय' दाबलं गेलं.

त्याने स्वतःचा तळहात वाचला. बाकी भरपूर आली. कॅल्शियम आलं, लोह आलं, आणि माझ्यात जेवढं सापडलं नव्हतं तेवढंच ते जास्त आलं. मानेवरून पांढरेपणा उतरला, मग खांद्यावरून, मग कोपरावरून. शेवटी नखं गुलाबी झाली. श्रीरंगने बोटं हलवून पाहिली आणि तो हसला. मला इतकं बरं वाटलं की दुसरं काही सुचेना.

"ऊब आली बघ," तो म्हणाला. "हात दे."

मी दिला. त्याने त्यावर घट्ट मूठ मिटली. त्याची बोटं त्याच्याच तळव्याला भिडली.

"दे ना," तो म्हणाला.