मामांनी निळी पसंत केली

मी दगडखाणीतली जुनी पोकलेन बोलतेय. इंजिन बंद आहे म्हणून बोलतेय. चालू असतं तर तुम्हाला माझं एक अक्षरही ऐकू आलं नसतं. पोकलेन हे खरं तर एका कंपनीचं नाव, आणि मी त्या कंपनीची नाही. पण खणणाऱ्या प्रत्येक मोठ्या मशीनला लोक तेच म्हणतात आणि चोवीस वर्षांत मी त्यावरून कधी तोंड वाकडं केलं नाही. करणार तरी कसं? तोंड म्हणून मला आहे ती पाच दातांची बकेट.

एका लांबच्या कारखान्यात मला जोडलं, रंगवलं, तेल पाजलं आणि छत्तीस टनांचं हे बाळ ट्रेलरवर बसवून इकडे पाठवलं. ट्रेलरवरून मला खाली उतरवलं ते मामांनी. मामा म्हणजे आमच्या मालकांचे सख्खे मामा. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. तेव्हा खाण भाऊंच्या वडिलांची होती आणि भाऊंचं नुकतंच लग्न झालेलं. त्या दिवसापासून माझ्या केबिनमध्ये दुसरं कुणी बसलं नाही. मामा आजारी पडले की मला सुट्टी.

इतकी वर्षं दगड उचलून माझे सांधे खिळखिळे झाले. कुठून ना कुठून तेल गळायला लागलं. शेवटी भाऊ एकदा माझ्याभोवती फेरी मारून म्हणाले, "आता हिचं काही खरं नाही. नवी घ्यायची."

घ्यायची एवढंच ठरलं. कोणत्या कंपनीची, यावर सहा महिने गेले. भाऊंची मुलगी, म्हणजे ताई, नुकती शिक्षण संपवून ऑफिसात बसायला लागली होती. तिने तीन कंपन्यांचा तक्ता केला. त्यात एकोणीस रकाने होते. तासाला डिझेल किती, बकेटमध्ये दगड किती, हात किती खोल जातो, अगदी केबिनमध्ये पाण्याची बाटली ठेवायला खाच आहे की नाही, हेसुद्धा. एक कंपनी पिवळी, एक नारिंगी, एक निळी. भाऊंनी तक्ता भिंतीवर चिकटवला आणि तिकडे पाठ करून विचार करायला लागले. पलीकडच्या खाणवाल्याकडे पिवळी होती. सोमवारी भाऊ म्हणायचे, "तो काही खुळा नाही, पिवळीच घेऊ." गुरुवारी म्हणायचे, "त्याची नक्कल केली असं होईल, पिवळी सोडून काहीही बघा." ताई बिचारी दोन्ही दिवशी खोडाखोड करायची.

मग तिन्ही कंपन्यांचे विक्रेते आले. तिघांचे बूट इतके स्वच्छ होते की ते खाणीत आलेत याचं बुटांनाच आश्चर्य वाटत असावं. पिवळीवाल्याने माझ्या अंगावर थाप मारली आणि म्हणाला, "बरीच चालली हो ही!" माझ्यादेखत. मी अजून चालत होते, साहेब. तासाभरापूर्वीच चार डंपर भरले होते.

तिन्ही नव्या मशीन एकाच दिवशी आणून चाचणी घ्यायचं ठरलं. अन्याय नको म्हणून एकाच ढिगातून प्रत्येकीने दहा डंपर भरायचे. तो ढीग कुणी रचला? मीच. आठ दिवस खालच्या टप्प्यावरून दगड वर आणले, मोठे होते ते फोडले, बारीक-मध्यम सगळं नीट मिसळून ठेवलं. परीक्षेला येणाऱ्या तिघींसाठी पेपर मीच सोडवून ठेवला म्हणा ना. साहजिकच तिघी पहिल्या वर्गात पास झाल्या. कुणाला दोन मिनिटं कमी, कुणाला दोन जास्त.

"यातून काय कळणार?" मामा म्हणाले. "खालच्या टप्प्यावर न्या. खरा दगड तिथे आहे."

सकाळपासून एकमेकांकडे न बघणारे तिन्ही विक्रेते एका सुरात म्हणाले, "नाही हो, रंगाला ओरखडे पडतील!"

आणि भाऊंना ते पटलं. दगड फोडायला आणलेल्या मशीनला दगड लागू नये, ही काळजी सगळ्यांनी मिळून घेतली.

आता सांगते ते ताईच्या तक्त्यात कुठेच नव्हतं. आमच्या जातीच्या मशीनमध्ये केबिन डाव्या बाजूला असते आणि शेजारी उजवीकडे हा अवाढव्य हात. त्यामुळे ऑपरेटरला उजवीकडचं मुळातच कमी दिसतं. मामांना तर त्या बाजूचं काहीच दिसत नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा डोळा अंधूक होत गेला होता. हे मला माहीत होतं, कारण उजवीकडे बघायचं म्हणून ते सगळ्या केबिनसकट मलाच फिरवायचे.

चाचणीच्या महिनाभर आधी एक प्रकार घडला. डंपर मागे घेताना खुणा करणारा एक माणूस आमच्याकडे आहे; गळ्यात शिट्टी असते, म्हणून शिट्टीवाला. तो उजवीकडे उभा होता. मामांनी मला फिरवलं आणि माझ्या पाठीने त्याच्या डोक्यावरची टोपी उडवली. नुसती टोपीच. सगळे शिट्टीवाल्यावर खेकसले, "तिथे कशाला मरायला उभा राहतोस?" त्यानेही कान पकडले. दुसऱ्या दिवशी मामा सगळ्यांच्या आधी आले, माझ्यासमोर उभे राहिले, डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि बकेटचे दात मोजायला लागले. एकावरच अडले. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. चोवीस वर्षं त्या दातांना त्यांनीच वेल्डिंग केलं होतं.

चाचणीच्या दिवशी मामा तिन्ही मशीनमध्ये बसून बघत होते. निळीत बराच वेळ बसले. तिला उजव्या अंगाला कॅमेरा होता आणि समोर छोटा पडदा. मामांनी शिट्टीवाल्याला हाक मारली, "जरा तिकडे उभा राहा. आता मागे सरक. अजून मागे. खाली बस बघू." शिट्टीवाला वैतागला. पण तो जिथे जाईल तिथे पडद्यावर दिसत होता.

निळीवाला आनंदाने सांगत होता, "फक्त एक अट आहे बरं का. ऑपरेटरचा डोळ्यांचा दाखला लागतो. त्याशिवाय आम्ही चावी देत नाही."

"आमच्याकडे असलं काही नाही," नारिंगीवाला लगेच म्हणाला. "आमची मशीन कुणीही चालवावी."

आठवड्याने भाऊंनी मामांना ऑफिसात बोलावलं. खिडकी उघडी होती आणि मी समोरच उभी होते. भाऊ म्हणाले, "मामा, आम्ही नारिंगी घेतोय. कॅमेरे नकोत, पडदे नकोत, या वयात तुम्हाला नवं काही शिकायला लागू नये. तुमचं जमतंय ना, मग झालं. अजून दहा वर्षं तुम्हीच बसायचं."

भाऊंचा मामांवर खरंच जीव आहे. त्या जिवापोटी एकोणीस रकाने त्यांनी एका झटक्यात बाजूला सारले होते.

मामा थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "निळी घे."

"निळी? का?"

"गादी बरी आहे तिची."

भाऊ हसून हसून लोटपोट झाले. "घ्या! मामांना आता गादी हवी!" ताईही हसली. "मामाआजोबा, आधी सांगायचं ना, गादीचा रकानाच केला असता." आणि तिने खरोखर तक्त्यात विसावा रकाना आखला. त्यात निळीला दहापैकी दहा गुण दिले आणि निळी ठरली.

निळी आली त्या दिवशी सगळे जमले. पेढे-हार नाही, पण फोटो काढायला चार फोन वर झाले. निळीवाल्याने चावी पुढे केली आणि म्हणाला, "मामा, दाखला?"

"दाखला नाही," मामा म्हणाले. "मिळणारही नाही. उजवा डोळा गेलाय माझा. दोन वर्षं झाली."

फोन खाली आले. भाऊंचा चेहरा पडला. "मामा, अहो, मग तुम्हीच निळी का घ्यायला लावलीत? नारिंगीला दाखला लागत नव्हता!"

"म्हणूनच," मामा म्हणाले. "ती माझ्यासाठी घेतली असतीस आणि मी चालवत राहिलो असतो."

शिट्टीवाला तेवढा डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला.

निळीवर आता दोन्ही डोळे शाबूत असलेला नवा ऑपरेटर आहे. खालच्या टप्प्यावर उतरून तिला भरपूर ओरखडे पडलेत आणि त्याने कुणाचं काही बिघडलेलं नाही. मी कुंपणापाशी उभी आहे. मला भंगारात काढायचं ठरलंय. न्यायला माणसं कधी येणार ते कुणी सांगितलेलं नाही.

मामांनी घरी बसून राहावं असं सगळ्यांनी सुचवलं. ते हो म्हणाले. तरी रोज सात वाजता येतात, माझ्या केबिनमध्ये चढतात, दोन्ही लिव्हरवर हात ठेवतात आणि डबा खायच्या वेळेपर्यंत बसून राहतात. इंजिन सुरू करत नाहीत. आम्ही दोघं निळीचं काम बघतो आणि मनातल्या मनात नावं ठेवतो.

तेव्हा माझी भंगारवाल्यांना एकच विनंती आहे. गॅसकटर घेऊन याल तेव्हा कृपा करून सकाळी येऊ नका. सकाळी आत माणूस बसलेला असतो.