हळदीला न गेलेली रायफल

मित्रांनो, मी एक जुनी एअर रायफल आहे आणि कुणापुढे गयावया करणार नाही, हे आधीच सांगून टाकते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगता सांगता डोळे पुसतात. मला ते जमत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. ठाण्याच्या एका क्लबात वीस वर्षं मी नवशिक्यांच्या खांद्याला टेकून राहिले. मला घेऊन पहिला नेम धरणाऱ्या किती जणांनी पुढे पदकं आणली. फोटोत मात्र मी कधी नव्हते. मग नव्या परदेशी रायफली आल्या, माझ्या लाकडी दस्त्याला तडा गेला आणि मला भंगारात टाकलं. तिथून नारपोलीच्या मेघालीताईंनी मला उचललं. तड्यावर लूमचं, म्हणजे यंत्रमागाचं, सूत घट्ट गुंडाळलं, नळी साफ केली आणि काल्हेरला बाळारामशेठच्या अर्ध्या गोदामात नेमबाजीचा वर्ग काढला.

ताईंचा एक हट्ट होता. पहिले पंधरा दिवस छर्रा मिळणार नाही. मला हातात घ्यायचं, नळी दुमडून उघडायची, रिकामी असल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि तरीही भरलेली समजून माझं तोंड लक्ष्याकडेच ठेवायचं. नेम धरेपर्यंत बोट चापाला लावायचं नाही. कंटाळून निम्मे पळून जात. गेले तर गेले.

येसू गेली नाही. डोंगरावरच्या पाड्यावरून ती मानकोलीला खोकी भरायच्या ड्युटीला येते आणि शिफ्ट सुटली की आमच्याकडे. सोळाव्या दिवशी ती मला घेऊन रेषेवर उभी होती, पहिला छर्रा समोरच्या टेबलावर वाट बघत होता. तेवढ्यात बाळारामशेठ पुतण्याला, दीपेशला, घेऊन आत आले. दुसऱ्या दिवशी दीपेशची हळद होती.

"ताई, ही बंदूक एक दिवस द्या," शेठ म्हणाले. "पोऱ्या हळदीत खांद्यावर घेऊन नाचंल, रील काढंल."

"नाही शेठ. माणसांच्या गर्दीत ती जाणार नाही."

"रिकामीच न्यायची हाय ना," म्हणत दीपेशने माझी नळी धरली आणि मला ओढू लागला. माझं तोंड शेठच्या पोटाकडे वळायला लागलं. येसूने दोन्ही हातांनी मला जागच्या जागी आवळून धरलं.

"सोडा दादा. नळी तुमच्या काकाकडं वळते."

"अगं, रिकामी हाय."

"हाय. मी आताच बघितली. तरी न्हाय वळवायची."

मी खरंच रिकामी होते, मित्रांनो. आत एकही छर्रा विसरून राहिला नव्हता. म्हणूनच मला तिचा अभिमान वाटला. भरलेल्या बंदुकीला काय, सगळेच घाबरतात.

शेठचा पारा चढला. "मंग महिनाअखेर गोदाम खाली करा."

ताईंचा चेहरा उतरला. या वर्गासाठी त्यांनी हाडाची काडं केली होती. "करते खाली," त्या म्हणाल्या. "रायफल मिळणार नाही. येसू, तुझा छर्रा भर."

येसूने आधी आजूबाजूला पाहिलं. "शेठ, रेषेच्या मागं व्हा. तुम्ही पुढं उभं असताना मी भरणार न्हाय."

स्वतःच्या गोदामात कुठे उभं राहायचं, हे बाळारामशेठना आजवर कुणी सांगितलं नसेल. तेही खोकी भरणाऱ्या बाईने. ते तिच्याकडे बघत राहिले. तिने नजर खाली वळवली नाही. शेवटी ते दोन पावलं मागे सरले, दीपेशही सरला.

येसूने छर्रा भरला. अर्धा श्वास सोडून थांबली, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा बारीक खुंट, काळ्या वर्तुळाखाली स्थिर केली आणि चाप हळूहळू दाबला. छर्रा वर्तुळाच्या पार कडेला लागला. नेम काही खास नव्हता.

आता आमचा वर्ग नारपोलीत, बंद पडलेल्या लूमच्या शेडमध्ये भरतो. मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, नाहीतर नका देऊ. पण 'रिकामी आहे' म्हणत कुणी बंदुकीचं तोंड माणसाकडे वळवत असेल, तर तो मालक असो की सख्खा मामा, त्याला तिथेच अडवा. तो रागावेल. रागावू द्या.