मुकादमीण वजन उचलते

मुकादमिणीने लोखंडी दांडा खाली ठेवला, हात झटकले आणि विचारलं, "आता पुढे काय?"

"आता बसा," मास्तर म्हणाला.

"कशाला?"

"बसायचंच असतं. दम परत आला की पुन्हा उचलायचं."

भिंतीलगतच्या बाकाकडे तिने असं पाहिलं, जणू त्यावर कुणी खरकटं सांडून ठेवलंय. पेट्या भरायच्या कारखान्यात तिने उभी हयात मुकादमकी केली होती. तिच्या पाळीत बसलेली बाई कधी कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती, आणि चुकून बसलीच तर उठताना स्वतःच्या सात पिढ्यांचा उद्धार ऐकून उठली होती. बसणं म्हणजे कामचुकारपणा, हे तिच्या हाडात मुरलेलं. आणि आता हा पोराच्या वयाचा माणूस तिला सांगत होता, की बसणं हेच काम आहे. ती बसली नाही. कोपऱ्यात वेड्यावाकड्या पडलेल्या लोखंडी चकत्या लहानमोठ्या बघून रांगेत लावू लागली.

मास्तरला तिने पहिल्याच दिवशी 'दगड' हे नाव देऊन टाकलं होतं. ओतून ठेवावा आणि थिजून जावा तसा चौकोनी माणूस. बोलणं मोजकं. आणि कितीही टोचून बोला, त्याला राग येत नसे. हीच त्याची सगळ्यात वाईट खोड, असं तिचं मत.

या वयात लोखंडाशी झोंबायची तिला काही हौस आली नव्हती. नवरा जन्मभर बस चालवत आला. आडदांड गडी; दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा. गेल्या वर्षी त्याचं अर्धं अंग गेलं. त्याला उचलून बसवायला ठेवलेला माणूस दुसरं काम मिळाल्यावर निघून गेला, आणि मुलगा-सून दिवसभर कामावर. मग मुलाने एक जागा शोधली. स्वच्छ होती, मोठ्या खिडक्यांची, देखरेखीला नर्स असलेली. तिथे खाट रिकामी झाली की बाबांना ठेवू, म्हणाला. सांगताना तो रडला होता, त्यामुळे तिला त्याच्यावर धड ओरडताही आलं नाही. ती इतकंच म्हणाली, की याला मी उचलेन. बाबा तुझ्या दुप्पट आहेत, मुलाने समजावून पाहिलं. मग मी दुप्पट होते, ही म्हणाली. शेवटी त्याने एक अट घातली. खाट रिकामी होईपर्यंत मुदत. पण तेवढ्यात बाबा एकदा जरी पडले, तरी मी कुणाचं ऐकणार नाही.

म्हणून ती टायरच्या दुकानामागच्या या लोखंडाच्या खोलीत आली. रस्ता सुनेने दाखवला. सून स्वतः याच इमारतीत वरच्या मजल्यावर, कामावर जायच्या आधी, उड्यांच्या वर्गाला जायची.

आणि त्या वर्गानेच घोटाळा केला. एकदा दगडाने बसवून ठेवलं म्हणून वैतागून ती जिना चढून वर डोकावली. वर दणदणीत गाणं लागलं होतं. घंटी झाली की सगळ्यांनी जीव खाऊन उड्या मारायच्या, जागेवर धावायचं, खाली झोपायचं, पुन्हा उठायचं. जरा श्वास घेतला न घेतला तोच पुन्हा घंटी. कुणी बसत नव्हतं. शिकवणारी काटकुळी मुलगी वाऱ्यासारखी इकडून तिकडे फिरत होती आणि जो रेंगाळेल त्याच्यावर तोंड सोडत होती. मुकादमिणीचा ऊर भरून आला. याला म्हणतात पाळी.

दुसऱ्या दिवसापासून ती वरच्या वर्गातही उभी राहिली. उड्यावालीने तिला उड्या मारू दिल्या नाहीत, झपाझपा पाय उचलायला लावले, तरी घामाच्या धारा लागल्या. आणि गुण आला, हे नाकारून चालणार नाही. जिना चढताना धाप लागेना. साखर उतरली. रात्री डोकं टेकलं की झोप. एके दिवशी दगड तिला बोलवायला वर आला, तर एवढ्याशा जिन्याने भात्यासारखा फुसफुसत उभा. बैल उचलणारा गडी जिन्याने पाडला, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने बोलली. वर्ग हसला. उड्यावाली मात्र म्हणाली, की तो एका हाताने जे सरकवतो ते मला दोन्ही हातांनी हलत नाही. मग बाजूला घेऊन तिने बजावलं: माझा वर्ग छातीला चांगला, पण पाय पार रिकामे करून टाकतो, त्या दिवशी जड वजनाला हात लावायचा नाही. कारखान्यात साहेबांच्या भाषणाला डोलवायची तशी मुकादमिणीने मान डोलावली, आणि उतरून थेट लोखंडाच्या खोलीत गेली.

खरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. धावताना डोक्यात काही राहत नसे. बाकावर बसलं की मात्र ती जागा दिसायची. मोठ्या खिडक्या, त्यातली एक खाट, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेला नवरा. त्याचं तुटकं बोलणं तिच्याशिवाय कुणाला कळत नव्हतं. तिथे तो पाणी मागेल आणि लोक त्याला पांघरूण घालतील.

व्हायचं ते एका सकाळी झालं. वरचा वर्ग करून, खाली लोखंड उचलून, कुठेही न टेकता ती घरी आली. नवऱ्याने खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. जरा थांबावं, असं एकदा मनात आलं. पण थांबणं ठाऊक असतं तर आणखी काय हवं होतं. तिने पाय फाकवले, गुडघे वाकवले, त्याच्या काखेतून हात घालून त्याला मिठीत घेतलं आणि उचललं. तो खाटेवरून सुटला. आणि त्याच क्षणी तिच्या मांड्या भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या बसल्या. आता काही खरं नाही, हे तिला कळलं. तिने एवढंच केलं, की स्वतः खाली गेली आणि त्याला अंगावर घेतलं.

दोघं जमिनीवर. छातीवर तो एवढा थोरला देह. तिने आधी त्याचं डोकं चाचपलं, मग हात, मग पाय. त्याला काही लागलं नव्हतं. मग त्याचं अर्धं तोंड हललं.

"ब्रेक... लागला नाही."

तिला हसू आलं, आणि हसताना बरगडीतून कळ निघाली. कसंबसं त्याला अंगावरून कुशीला घेतलं, डोक्याखाली आपला दंड दिला, आणि दोघं तशीच पडून राहिली. छताच्या कोपऱ्यात जळमट होतं. एवढी वर्षं या घरात झाडू मारला, पण खालून घर कसं दिसतं ते तिने पाहिलं नव्हतं.

दुपारी जेवायला सून आली आणि दारातच थबकली. तिने पिशवी टाकली. दोघींनी मिळून त्याला खाटेवर घेतलं. सुनेने त्याला पाणी पाजलं, अंग नीट तपासलं, मग ती स्टुलावर बसून सासूकडे बघत राहिली. मुकादमीण बरगडीवर हात धरून उभीच होती. विनवण्या करणं तिच्या रक्तात नव्हतं.

"सांग हवं तर त्याला," ती म्हणाली.

"नाही सांगणार. पण आजपासून तुम्ही त्या बाकावर बसायचं, आई. मी येऊन बघणार आहे."

"सासूवर मुकादमकी करतेस?"

"तुमच्याच हाताखाली शिकले ना."

बरगडी सांधायला वेळ लागला, आणि तोवर नवऱ्याला सकाळी मुलगा खुर्चीत बसवून जाई, दुपारी सून आणि शेजारी मिळून खाटेवर घेत. आईची पाठ धरलीय, एवढंच मुलाला ठाऊक. नंतर मात्र ती शहाण्यासारखी वागली. एक दिवस वर, एक दिवस काहीच नाही, मग लोखंड. आणि बाक. पहिल्यांदा तर बसल्याबसल्या पाय नाचायचा, बोटं बाकाचा रंग खरवडायची. खाट दिसायचीच. दगड बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला असे, मुकाट. एकदा न राहवून तिने विचारलं, की बाबा रे, एवढा वेळ तुझ्या डोक्यात चालतं तरी काय?

"पुढचं उचलायचं, तेच," तो म्हणाला.

तिने तेवढंच करून पाहिलं. पुढचं उचलायचं, बस्स. ती जागा पूर्ण गेली नाही, पण एका बाजूला सरकली. दांड्यावर चकत्या चढत गेल्या. दगडाने उठताना श्वास सोडायला शिकवलं. हळूहळू हातांनाच समज आली. कुणी चकती वाढवली की न बघताही ती ओळखायची आणि तसं सुनावायची.

मग खाट रिकामी झाल्याचा फोन आला. सुट्टीचा दिवस होता, मुलगा घरीच होता. संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. तो आईशी नजर न मिळवता म्हणाला, "दाखव मला. एकदा बघू दे."

मुकादमीण खाटेपाशी आली. मुलगा दोन्ही हात पुढे करून, बाप पडला तर झेलायच्या तयारीत उभा. तिने त्याला लांब सरकायला सांगितलं. पाय फाकवले, गुडघे वाकवले, नवऱ्याला मिठीत घेतलं. श्वास घेतला. उठली.

तो उठला. सरळ वर आला, काही अडलं नाही. ती वळली, पावलं बदलली आणि त्याला खुर्चीत ठेवलं. ना मांडी थरथरली ना पाऊल चुकलं. सुनेने तोंडावर हात दाबून धरला. मुलगा नाक पुसत फोन घेऊन बाहेर गेला.

नवऱ्याच्या वाकड्या ओठांवर हसू होतं. "मुकादम," तो म्हणाला.

ती मात्र त्याच्या काखेतले हात न काढता तशीच वाकून राहिली होती. आदल्या दिवशी दांडा याहून जड होता. तिने पुन्हा एकदा, कुणाला कळणार नाही इतकंच, त्याला वर तोलून पाहिलं. हात चुकत नव्हते. सदऱ्याखाली पाठीचे मणके एकेक लागत होते.

बाहेरून मुलाचा आवाज आला. नको म्हणून सांगा, घरीच ठेवतोय. आई उचलते आता.

"किती सहज उचललंत, आई," सून म्हणाली.

"लोखंड खाल्लंय," मुकादमीण म्हणाली.

तिने हात काढून घेतले. खुर्ची पूर्वी त्याला घट्ट व्हायची; आता दोन्ही अंगांना जागा राहिली होती आणि तो एका बाजूला कलत होता. तिने खाटेवरची उशी आणून तिकडून लावली. तो सरळ झाला, मग हळूच दुसरीकडे कलला. ती दुसरी उशी आणायला आत गेली.