पाणी गेलं तर कळावं म्हणून

गावाला पाणीपुरवठा खातं आधी मिळालं आणि पाणी नंतर. मधल्या काळात खात्याकडे एक शिक्का, एक टेबल आणि एक कारकून होता, आणि त्या कारकुनावर कामाचा इतका ताण होता म्हणे, की त्याच्या हाताखाली दुसरा नेमावा लागला. पुढे टेकडीवर टाकी झाली, नदीकाठी पंपहाऊस उभं राहिलं आणि एका सकाळी चौकातला नळ म्हाताऱ्यासारखा खोकून तांबडं पाणी ओकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढी मोठी टाकी, हे पाणी संपवणार कोण, असा प्रश्न त्या दिवशीच्या भाषणात विचारला गेला.

उत्तर पाणी समितीच्या पुढच्या अध्यक्षांनी दिलं. प्रत्येकाने आपल्या कारकिर्दीत नळाची एकेक लाइन वाढवली, कुणी सासुरवाडीपर्यंत, कुणी स्वतःच्या नव्या प्लॉटपर्यंत, आणि पाणी वाढवण्याचं काम मोठ्या मनाने पुढच्यावर सोपवलं. नळ वाढले, टाकी तेवढीच राहिली. वरच्या गल्लीने बादली भरली की खालच्या गल्लीतले नळ नुसते फुसफुसायचे. प्रकरण शिव्यांवरून बादल्या फेकण्यावर गेलं, तेव्हा खात्याचे त्या वेळचे अधीक्षक पुढे झाले आणि त्यांनी गावाचे भाग पाडून प्रत्येक भागाला पाण्याची वेळ ठरवून दिली.

हे अधीक्षक म्हणजे आताच्या अधीक्षक बाईंचे वडील. गाव त्यांना अजून मोठे साहेब म्हणतं. घरात ते नाना.

नानांच्या वेळापत्रकावर गाव चालू लागलं. दुकानं त्या हिशेबाने उघडायची, शाळा त्या हिशेबाने भरायची. घर भाड्याने देताना हवा-उजेडाचं कोणी बोलत नसे; ‘सकाळच्या पाण्याचं आहे’ एवढं म्हटलं की भाडं वाढायचं. व्हॉल्व्ह उघडायला आणि बंद करायला माणसं लागली, त्यांच्यावर मुकादम लागला, मुकादमावर लक्ष ठेवायला आणखी कोणी लागलं. खातं चांगलंच बाळसं धरून होतं.

बाई या वेळापत्रकातच वाढल्या. त्यांच्या आईने आयुष्यात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही. मध्यंतर झालं की ती पदर सावरत उठायची, कारण पाण्याची वेळ झालेली असायची, आणि वेळ तिच्याच नवऱ्याने ठरवलेली असल्यामुळे तक्रार करायचीही सोय नव्हती. शेवटी काय झालं ते मुलीने घरी येऊन सांगायचं. आई घागर विसळता विसळता ऐकायची आणि म्हणायची, “बरं झालं, सुखी झाले बिचारे.” आता आई नव्हती. बाई शिकून, दुसरीकडे नोकऱ्या करून वडिलांच्याच खुर्चीत येऊन बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे नावाला. त्यांना एका जागी बसता यायचं नाही. जेवण उभ्याने, फाइल चालता चालता, आणि समोरचा बोलत असला तरी कान भिंतीतल्या पाइपाकडे.

धरणावरून नवी मोठी लाइन आली, तेव्हा बाईंनी मांडून दाखवलं की आता गावाला चोवीस तास पाणी देता येईल. माणसाला लागतं तेवढंच पाणी तो घेईल, एवढंच गृहीत धरलं होतं. हिशेब अगदी चोख होता. फक्त त्यात माणसं धरलेली नव्हती.

अध्यक्षांनी महिनाभराच्या चाचणीला परवानगी दिली. अट एकच. पंपहाऊसच्या भिंतीवर टाकीची पातळी दाखवणारी तबकडी होती आणि तिच्यावर तांबडी रेघ. काटा महिन्यात एकदाही रेघेखाली गेला, तर चाचणी बंद, जुनं वेळापत्रक चालू, आणि हा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही. “तुमच्या वडिलांनी घालून दिलेलं आहे हो सगळं,” अध्यक्ष म्हणाले, “बिघडवताना आम्हालाच जास्त वाईट वाटतंय.”

सगळे व्हॉल्व्ह उघडले. पहिल्या दिवसापासून काटा उतरायला लागला.

पंप पूर्ण जोरात चालू असताना काटा खाली सरकत होता. रेघेला शिवायला फार उरलं नव्हतं. बाईंनी गळती शोधायला माणसं लावली. रस्ते खणले. मुकादम एक लांब सळई जमिनीला टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि मान हलवायचा. मुकादमाचा या योजनेवर आधीपासूनच राग होता. व्हॉल्व्ह कायमचे उघडे म्हणजे उघडणाऱ्यांनी काय करायचं, हा त्याचा प्रश्न रास्त होता. तरी सळईला कान तो इमानाने लावत होता. “पाणी वाहतंय, बाईसाहेब,” तो सांगायचा, “पण पाइपातूनच वाहतंय. आता त्यात चूक कुणाची काढायची?”

बाई दिवसातून कितीदा तरी टेकडी चढायच्या, टाकीच्या भिंतीवर हात ठेवायच्या, उतरायच्या. जणू आजारी माणसाचं कपाळ बघून येत होत्या.

त्या दुपारी त्या जेवायला म्हणून घरी आल्या, तर मोरीत नळ चालू. धार बारीक, पण अखंड. खाली भरून वाहणारी बादली. नाना शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. बाईंनी जाऊन नळ बंद केला. नानांनी पेपरातून मान वर न करता उठून तो पुन्हा चालू केला.

“नाना, भरली ना बादली?”

“केव्हाच.”

“मग?”

“पाणी गेलं तर कळायला नको?”

बाई तिथेच उभ्या राहिल्या. मग जेवण तसंच टाकून बाहेर पडल्या आणि गल्लीतून चालत गेल्या. शेजारणीच्या मोरीत धार चालू होती. वाण्याच्या मागच्या अंगणात धार चालू होती. शिंप्याने तर नळाखाली पत्र्याचा डबा पालथा घातला होता, म्हणजे मशीनच्या आवाजातही ऐकू यावं. पूर्वी लोक कोरडा नळ उघडा ठेवून झोपायचे, पाणी आलं की आवाजाने कळावं म्हणून. आता पाणी आहे हे कळत राहावं म्हणून चालू ठेवत होते. अख्खं गाव कामंधामं करता करता एक कान नळाला लावून बसलं होतं आणि टाकी त्यासाठी रिकामी होत होती. चोवीस तास पाणी आलं होतं खरं, पण पूर्वी दिवसातून तासभर जी धाकधूक असायची, ती आता चोवीस तास झाली होती.

नळ बंद ठेवा म्हणून रिक्षावर भोंगा लावून सांगून पाहिलं. नळ बंद करायला सांगतायत म्हणजे पाणी जाणार, हे गावाने ओळखलं आणि त्या दिवशी काटा आणखी झपाट्याने उतरला.

लोकांना पाणी आहे असं सांगून उपयोग नव्हता. ते जाणार असेल तर आधी कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे एकदा लक्षात आल्यावर बाईंना पंपहाऊसच्या गच्चीवरचा सायरन आठवला. कुठल्याशा अध्यक्षांनी आगीची सूचना द्यायला तो आणला होता. पहिली आग लागली तेव्हा वीज नव्हती. नंतर वीज होती तेव्हा आग नव्हती. असा तो राहून गेला होता. बाईंनी तो पुसून, वायर बदलून घेतला आणि गावभर कळवलं: पाणी जायची वेळ आलीच, तर तासभर आधी सायरन वाजेल. वाजला नाही म्हणजे पाणी आहे.

आणि गावाने नळ बंद केले. शिंप्याने डबा सुलटा केला. नानांनी दोन दिवस विचार करून, आधी पेपराची घडी घालून, मग नळ बंद केला. काटा थांबला आणि हळूहळू वर चढू लागला.

सायरन न वाजवण्यासाठी माणूस लागला. वाजवायचा नसला तरी बटणाशी कोणीतरी हवंच. मुकादमाला ते काम मिळालं. त्याला विश्रांती म्हणून दुसरा, आणि त्या दोघांची सुट्टी जुळेना म्हणून तिसरा. व्हॉल्व्ह सुटले म्हणून रुसलेली माणसं खुशीत आली. नाना रोज सकाळी काठी टेकत पंपहाऊसला जायला लागले. न वाजणाऱ्या सायरनशेजारी बसून चहा प्यायला त्यांना बरं वाटायचं. बाईंना मात्र चैन पडेना. पूर्वी त्या पाइपाचा आवाज ऐकायच्या, आता न होणारा आवाज ऐकायच्या, आणि हे काम जास्त दमवणारं होतं.

चाचणी संपत आली असताना एका भर दुपारी बाजारपेठेत एका ट्रकचा हॉर्न अडकला. ड्रायव्हर खाली उतरून बॉनेट उघडेपर्यंत तो लांबलचक बोंबलत राहिला. ड्रायव्हर परगावचा, आपण काय केलं हे त्याला कधीच कळलं नसणार.

बाई तेव्हा बँकेत रांगेत होत्या. बघता बघता रांग नाहीशी झाली. काचेमागचा कॅशियर “आलोच” म्हणून उठला तो आलाच नाही. रस्त्यावर न्हाव्याकडून एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचा साबण घेऊन घराकडे धावत होतं. बाई ओरडून सांगत होत्या, सायरन नाही तो, ट्रक आहे. लोक धावता धावता मान डोलवत होते. शक्य आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण भरून ठेवायला काय हरकत आहे.

पंपहाऊसला पोचेपर्यंत बाईंना धाप लागली होती. मुकादम तबकडीसमोर उभा, नाना खुर्चीत. काटा डोळ्यांदेखत उतरत होता. पातेली, हंडे, टब, फुलदाण्या, गावात ज्याला ज्याला तळ होता ते सगळं भरलं जात होतं. काटा तांबड्या रेघेला टेकला.

नियम सरळ होता. रेघेला टेकला की सायरन. आणि सायरन वाजला, तर ट्रकच्या हॉर्नला न फसलेले जे कोणी शहाणे उरले असतील, तेही नळाकडे धावणार आणि काटा रेघेखाली जाणार. मग सगळं संपलं.

“नका वाजवू, बाईसाहेब,” मुकादम म्हणाला. “जरा दम धरा. दमली की लोकं थांबतील, चढेल काटा. कुणाला कळतंय?”

बाईंनी नानांकडे पाहिलं. वेळापत्रक परत यावं असं या खोलीत कोणाला वाटत असेल तर ते त्यांनाच.

“मी नसता वाजवला,” नाना म्हणाले. “मी कितीदा तरी नाही वाजवलेला. पाणी कमी पडलं की वेळ गुपचूप दहा मिनिटं कापायचो. सांगितलं असतं तर गाव पेटलं असतं. तुझ्या आईलासुद्धा नाही सांगितलं.”

ती दहा मिनिटं बाईंना आठवत होती. आईची शेवटची घागर नेहमी अर्धी राहायची आणि आई म्हणायची, माझाच हात चालत नाही हल्ली.

“मी लोकांना सांगितलंय, वाजेल म्हणून,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं.

सायरन वाजला. इतकी वर्षं वाजायचा राहिल्यामुळे असेल, जरा जास्तच वाजला. तिघं तबकडीकडे बघत उभी राहिली. काटा रेघेवर थरथरला. खाली गेला नाही. थोड्या वेळाने, कोणाचं लक्ष नसेल तर बरं अशा बेताने, केसभर वर सरकला. मग आणखी केसभर.

मुकादमाने तबकडीवर टिचकी मारून पाहिली. काटा खोटं बोलत नव्हता.

बाई बाहेर पडल्या, काठी टेकत नानाही मागोमाग आले. पहिल्याच गल्लीत शिंपीण दारात हात कमरेवर ठेवून उभी होती. तिच्या मागे सगळं घर भरलेलं, अगदी पाय ठेवायला जागा नाही असं.

“वहिनी, सायरन ऐकला ना? भरत नाही तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“कशात भरू? घरात वाटीसुद्धा रिकामी नाही. सगळं मघाशी त्या ट्रकच्या वेळीच भरून झालं.”

घरोघर तीच गत होती. नळ बंद करून माणसं भरलेल्या भांड्यांशेजारी पाणी जायची वाट बघत बसली होती. पाणी गेलं नाही.

महिना संपला. समितीची बैठक भरली. काटा एकदाही रेघेखाली गेलेला नव्हता, हे बाईंनी उभ्या उभ्या सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली आणि विषय मंजूर म्हणणार, इतक्यात बाजारपेठेच्या सदस्यांनी हात वर केला. त्यांची तक्रार होती, आणि ती एकट्याची नव्हती. सायरन वाजल्यावर त्यांच्या मंडळींनी तासभर नळासमोर बसून वाट पाहिली आणि पाणी गेलं नाही. घरात चालायला जागा नव्हती. ते स्वतः टबात पाय घालून पडले. हा जनतेचा विश्वासघात नाही का? आज सायरन वाजून पाणी गेलं नाही. उद्या न वाजता जाईल.

बैठकीत खळबळ माजली. सगळ्यांच्याच घरी टब होते. बाईंनी घडलेलं समजावून सांगितलं, पण पाणी गेलं नाही हा मुद्दा त्यांनाही खोडता येईना.

अध्यक्षांनी बराच विचार केला. “चोवीस तास पाणी आम्ही देऊ, बाई. कायमचं देऊ,” ते म्हणाले. “पण पुन्हा सायरन वाजला तर पाणी नक्की जाईल, एवढं तुम्ही लिहून द्या. लोकांना काहीतरी भरवसा पाहिजे.”

बाईंनी लिहून दिलं. सही केली, खाली हुद्दा घातला. ठराव एकमताने पास झाला.

घरी आल्या तेव्हा नाना दारातच होते. बाईंनी सगळं सांगितलं. मंजूर झालं हे ऐकून त्यांनी मान डोलावली. हमीचं ऐकून काठीवर हनुवटी टेकली.

“आणि नाही गेलं तर?” त्यांनी विचारलं.

बाईंनी अजून चपला काढल्या नव्हत्या, ते बरंच झालं. त्या तशाच वळल्या आणि पंपहाऊसकडे निघाल्या. सायरन वाजला की मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला एक माणूस नेमायला हवा होता.