हिरवं करण्याआधी

मी एक सॉफ्टवेअर आहे आणि सध्या माझा जीव टांगणीला लागला आहे. मला तोंड नाही, फक्त लाल होता येतं. तेवढंच माझं बोलणं.

इरुंगाट्टुकोट्टैला ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कामाला आहे. गिऱ्हाइकाची मागणी, तिचा आराखडा आणि तिची चाचणी मी धाग्यांनी जोडून ठेवतो. मागणी बदलली की ते धागे लाल होतात. मग कुणीतरी चाचणी पुन्हा वाचायची आणि खात्री पटली तर हिरवं करायचं.

मला घडवणाऱ्यांना माणसाच्या विसराळूपणाची फार धास्ती. ती माझ्यात उतरली आहे, हाडंमांस नसतानाही.

इथले लोक एरवी मला ढुंकूनही पाहत नाहीत. ऑडिट आलं की तहान लागल्यावर विहीर खणायला निघतात. सगळे लाल धागे एकदम निवडायचे, बटण दाबायचं, झालं! वाचतो कोण?

गेल्या महिन्यात बसवाल्यांनी मागणी बदलली. बस आता येरकाडच्या घाटात चालणार, तेव्हा भरलेली बस चढावर हँडब्रेकने थांबून राहिली पाहिजे. आमची चाचणी सपाट रस्त्यावरची. मी लालबुंद झालो, पण ब्रेक रवाना झालेसुद्धा. आज सकाळी पहिली बस प्रवासी घेऊन निघाली.

दुपारी इरा माझ्यापुढे बसली. ती सांगलीची, नोकरीत नवी. मागे तिचे साहेब सेतुमाधव, तंजावरच्या मराठी घरातले; मराठी जुन्या वळणाची, मधेमधे तमिळ शब्द.

"अवघें हिरवें कर, मा. ऑडिटर खालीं काफी पितो आहे."

"सर, मी वाचलेलं नाही अजून."

"मागाहून वाचूं. सदा असेंच करतों आम्ही."

तिने सगळे धागे निवडले. मी घाबरून माझा नेहमीचा रिकामा रकाना पुढे केला: तपासणाऱ्याचं नाव?

"सर, तुमचं नाव घालू?"

सेतुमाधव खुर्ची ओढून बसले. "सरी, बरें, ती चाचणी उघड."

वाचता वाचता त्यांनी चष्मा काढला. "अइयो! ही तर रिकामी बस, सपाटीवरची. सकाळीं निघालेली ती गाडी कोठवर गेली असेल?"

"सेलम सोडलं असेल, सर. पुढे घाटच."

आता ते बसच्या ड्रायव्हरला फोन लावताहेत. घंटा वाजते आहे, कुणी उचलत नाही. ऑडिटर दारात उभा आहे आणि इराचा हात अजून माझ्या बटणावर आहे. नको गं बाई, मला लालच राहू दे. आधी त्या ड्रायव्हरला फोन उचलू दे.