अधोलीच्या तळाचं मेण

मित्रांनो, मी एक जुनी अधोली आहे. अधोली म्हणजे अर्ध्या पायलीचं लाकडी माप. आज जुन्नरच्या एका घरात फडताळावर उपडी पडून असते आणि झुरळं माझ्या पोटात संसार थाटतात. पण एके काळी नाणेघाटाच्या माथ्यावरच्या अख्ख्या घाटघर गावाच्या जेवणाची चव माझ्यातून मोजली जायची. बढाई वाटली तर वाटू द्या, म्हातारपणी तेवढी मुभा असावी.

शिवणीच्या लाकडातून मला कोरून काढलं. मला लोखंडाची कडी नाही, कारण माझी गाठ मिठाशी, आणि मीठ लोखंड खातं. माझा मालक बदरुद्दीन मूळचा जुन्नरचा. घाटघरला तो आणि त्याची बायको हाजराबी छोटंसं दुकान चालवायचे. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून नाणेघाट चढून यायचं. पावसाळ्यात घाट बंद, म्हणून होळीच्या आतच पुढची बेगमी करावी लागे.

त्या काळी मिठावर सरकारचा जबर कर होता. तो मिठागरावरच वसूल होई, आणि मिठाच्या किमतीपेक्षा करच मोठा असे. माणसं खडा खडा जपून खायची. बैलांच्या वाटणीला तर काहीच उरत नसे. मला भरून कोणी नेतच नव्हतं. नाचणी पिकवणारी ठकूबाई नुसती ओंजळ पुढे करायची आणि पदराला गाठ मारून निघायची. रिकामं बसण्याचं दुःख मला तेव्हापासून ठाऊक आहे.

एकोणीसशे तीन सालची गोष्ट. होळी झाली आणि सरकारनं मिठावरचा कर उतरवल्याची बातमी आली. गाव हरखलं. बदरुद्दीन मात्र मिठाचा ढीग मोजायला बसला. त्यानं नुकतंच हाजराबीच्या पाटल्या मोडून, जुना कर भरून पावसाळ्याचं सगळं मीठ आणून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सावळाराम दारात उभा राहिला. घाट चढणाऱ्या बैलांच्या तांड्याचा तो म्होरक्या.

"बदरूभाऊ, मीठ उतरलं म्हनं. मंग तुमचा भाव का उतरंना?"

"माझं मीठ जुन्या कराचं हाय, सावळारामभाऊ."

"समदे दुकानदार असंच म्हनत्यात. ऱ्हाऊ द्या. आमीच बैल घेऊन खाली जातो."

तो गेला आणि गिऱ्हाईक तुटलं. मिठाचा ढीग तसाच पडून राहिला. पाऊस लागला की मीठ पाझरतं, ते कोणासाठी थांबत नाही.

एका दुपारी बदरुद्दीननं मधाच्या पोळ्याचं मेण वितळवलं आणि माझ्या तळात ओतलं. नव्या भावानं विकायचं, पण माप कमी भरायचं, असा त्याचा बेत. वरून मी तीच दिसत होते. मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी मी ओरडले असते. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

हाजराबीनं मला उचललं आणि ती थबकली. तळात बोट घालून पाहिलं. मग तिनं उलथण्यानं सगळं मेण खरवडून काढलं.

"पाटल्या गेल्या, त्या परत व्हतील," ती म्हणाली. "माप खोटं निघालं तर या गावात आपल्याला कोन उभं करंल? चावडीवर जावा, आन हे मेन बी संगती न्या."

बदरुद्दीन चावडीवर गेला. एका हातात मी, दुसऱ्या हातात मेणाचा गोळा. दोन्ही त्यानं सावळारामपुढे ठेवले.

"हे मी करनार व्हतो," तो म्हणाला. "हाजराबीनं करू दिलं न्हाई. दुकान मोडतो आन जुन्नरला जातो."

सावळारामनं माझ्या तळावरून बोट फिरवलं.

"कर सरकारनं उतरवला आन वझं तुमच्या पाठीवर आलं," तो हळू म्हणाला. "आमी तुमालाच लबाड म्हनत बसलो. तुमी गेल्यावर आखाडात मीठ कुटनं आनायचं?"

मग ठरलं ते असं. शेताच्या कामाला गाव मिळून इर्जिक करतं, बिनमोलानं राबतं, तशी यंदा दुकानाची इर्जिक करायची. नवं मीठ गावचे बैल फुकट वर आणतील. वाचलेल्या भाड्यातून बदरुद्दीननं आपली खोट भरावी आणि जुनं-नवं सगळं मीठ नव्या भावानं द्यावं. घाटघरात दुकानाची इर्जिक तोवर कोणी ऐकली नव्हती.

खेप आली त्या दिवशी ठकूबाई पहिली पुढे झाली. ओंजळ नाही, पाटी घेऊन. बदरुद्दीननं मला शीग लावून, काठावर रास येईल असं भरलं.

"ही आमास्नी," ती म्हणाली. "आता बैलास्नी बी एक भरा."

दारात बैल दगडावरचं मीठ चाटत उभे होते. मी दोनदा भरले, मित्रांनो, आणि दोन्ही वेळा पुरी भरले.

आता वजनाचे काटे आले, मला कोणी विचारत नाही. त्याचं वाईट वाटतं, पण ते चालायचंच. एवढीच विनवणी, मला चुलीत घालू नका. माझ्या तळाच्या फटीत त्या मेणाची एक बारीक रेघ अजून आहे. कर चढतात, उतरतात, आणि भाव जागचा हलला नाही की आपण दुकानदाराला लबाड म्हणून मोकळे होतो. तसं म्हणायच्या आधी एकदा त्याच्या मापाच्या तळाला बोट लावून बघा, आणि मग त्याच्या पाठीवर काय आहे तेही बघा.