दहा लाख तीन

मित्रांनो, मी एक जुनी मूळ संख्या आहे. दहा लाख तीन. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. मोजायला कुणी नव्हतं तेव्हाही मी होतेच. एक आणि मी स्वतः, या दोघांशिवाय कुणीही मला पुरतं भागू शकत नाही. दहा लाखांच्या पुढे निघालात तर भेटणारी पहिली मूळ संख्या मीच. हे सगळं ठाऊक असूनही कुणी भागायला बसलं की माझा जीव टांगणीला लागतो. माझी शेजारीण दहा लाख एक अशीच ऐटीत होती. एकशे एकाने तिचे सरळ तुकडे केले. तेव्हापासून मला चैन नाही.

माझी उमेदीची वर्षं गणिताच्या एका सरांकडे गेली. प्रत्येक नव्या वर्गात ते मला फळ्यावर लिहून म्हणत, "हिला भागून दाखवा, माझं पेन तुमचं!" हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे, पण मुलं तिथवर टिकत नसत. सात, अकरा, तेरा, यांतलं कुणीही घ्या, बाकी चारच. पेन सरांच्याच खिशात राहिलं. सरांचा नियम एकच होता: आधी मोठ्याने वाच, मग भाग.

मग सरांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, जीभ मात्र जड राहिली. फोन वाजला की ते दुसऱ्या खोलीत निघून जात.

उद्या त्यांची रजा संपते. आज दुपारी त्यांनी स्वयंपाकघरातल्या छोट्या फळ्यावर मला लिहिलं. "ही ज...जमली तर वर्गावर जाईन," ते बायकोला म्हणाले. "नाहीतर रा...राजीनामा."

साताने बाकी चार. अकराने चार. फळा भरला, म्हणून पुसून पुन्हा मांडलं. तेराने भागलं, तर बाकी शून्य! सर मटकन खुर्चीत बसले. "इतकी वर्षं पोरांना खो...खोटं सांगितलं."

मी नुसती तळमळत होते. ती मी नव्हतेच! पुन्हा लिहिताना एक शून्य जास्त पडलं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

बायकोने गॅस बंद केला. "अहो, तुम्ही वाचलंत कुठे? न वाचता भागणाऱ्या पोराला तुम्ही बाकावर उभं करायचात."

"जीभ व...वळत नाही गं."

"नाही तर नाही. ऐकायला मीच तर आहे. वाचा."

सरांनी शून्यांवर बोट फिरवत वाचलं, "एक... को...कोटी..." आणि थांबले. मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. जास्तीचं शून्य त्यांनी अंगठ्याने पुसलं. "द...दहा... लाख... ती...तीन." तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडले, तरी मी अख्खी होते. तेराने पुन्हा भागलं. बाकी चार.

उद्या मी वर्गात असेन. सर अडखळतील, कुणीतरी फिदीफिदी हसेल. मित्रांनो, एवढी विनवणी ऐका. मला खुशाल भागा, पेनही जिंकायला बघा. पण सर मला वाचत असतील तेव्हा त्यांचा शब्द तुम्ही पुरा करू नका. तीन येईपर्यंत थांबा.